पॅनेल सॉ घेताना आधी ब्लेडचा विचार करा

आठ बाय चारची, १८ मिमी जाडीची एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) शीट साधारण ४० किलो भरते. टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून ब्लेड वर आलेल्या करवतीवर, ती कापायची म्हणजे दोघांनी उचलून आडवी चढवायची, एकाने ढकलायची, दुसऱ्याने पलीकडे झेलायची, आणि हे करताना ती फेन्सला (बाजूच्या सरळ आधारपट्टीला) चिकटून राहतेय ना तेही बघायचं. पहिल्या शीटला कुणी कुरकुरत नाही. विसाव्या शीटला पाठ बोलायला लागते, आणि नेमका तिथूनच काप वाकडा जायला लागतो.

व्हर्टिकल पॅनेल सॉ हा या कसरतीवरचा उपाय. एक उंच लोखंडी फ्रेम, किंचित मागे रेललेली. शीट तिच्यावर उभी टेकवायची. खालच्या कडेखाली रोलर असतात, वजन ते घेतात. करवतीचं हेड फ्रेमवरून फिरतं आणि शीट कापत जातं. एकटा माणूस अख्खी शीट चढवू शकतो. जागाही वाचते: स्लायडिंग टेबल सॉला शीट फिरवायला चारही बाजूंनी मोकळी जागा लागते, ही मशीन मात्र भिंतीला पाठ लावून उभी राहते. फक्त डावी-उजवीकडे शीट सरकवायला जागा ठेवावी लागते, हे मशीन आल्यावर कळून उपयोग नाही.

बहुतेक जण मशीन बघायला गेले की पहिला प्रश्न मोटर किती एचपीची, हाच विचारतात. माझ्या मते हा प्रश्न पाचवा-सहावा असायला हवा. पॅनेल सॉचं काम दोनच: शीट हलू न देणं आणि ब्लेड सरळ रेषेत नेणं. कापतं ते ब्लेड. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. गेल्या तीन महिन्यांत काय काय कापलं त्याची यादी काढा. प्लाय किती, लॅमिनेट लावलेले बोर्ड किती, अ‍ॅक्रिलिक, एसीपी (पत्रा लावलेले प्लॅस्टिकच्या गाभ्याचे बोर्ड), अ‍ॅल्युमिनियमची शीट किती. सगळ्यात मोठी शीट कोणती आणि सगळ्यात जाड कोणती. त्या यादीवरून ब्लेड ठरतं, आणि ते ब्लेड नीट चालवू शकणारी मशीन मग ठरते.

उभा काप, आडवा काप

आधी मशीनचे दोन प्रकार समजून घेऊ, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

लहान मशीनमध्ये मधोमध दोन गाइड पाइप कायमचे बसवलेले असतात. हेड त्यांच्यावर वर-खाली जातं, हा उभा काप. आडवा काप हवा असेल तर हेड ९० अंशांत फिरवून हव्या त्या उंचीवर घट्ट करायचं आणि शीट रोलरवरून ढकलायची. म्हणजे लांब पट्ट्या काढताना तुम्ही पुन्हा ४० किलो ढकलत असता, फक्त या वेळी उभी. शीटच्या खालच्या कडेला एखादा टवका उडालेला असेल किंवा रोलरवर भुसा साचला असेल, तर तेवढाच झोल कापात उतरतो.

मोठ्या मशीनमध्ये हेड एका बीमवर असतं आणि तो बीमच डावी-उजवीकडे सरकतो. दोन्ही कापांना शीट जागची हलत नाही. तुमच्या कामात लांब आडवे काप जास्त असतील, दरवाजाच्या पट्ट्या, शेल्फ, साइनबोर्डच्या लांब पाट्या वगैरे, तर हाच प्रकार घ्यावा. दिवसाला चार-पाच शीटा आणि त्याही बहुतेक तुकडे करून पुढच्या मशीनवर न्यायच्या असतील, तर लहान मशीन पुरते. तिला नावं ठेवायचं कारण नाही.

आडव्या कापाची एक खोड दोन्ही प्रकारांत आहे. करवत पुढे गेली की मागे वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि काप मिटायला लागतो. ब्लेड दोन्ही बाजूंनी आवळलं जातं, कड काळी पडते, आणि वाईट वेळ असेल तर हेड झटका देऊन मागे येतं. ब्लेडमागे जी पोलादी जीभ असते, तिला रिव्हिंग नाइफ म्हणतात, ती याचसाठी. तिची जाडी ब्लेडच्या तव्यापेक्षा (दाते सोडून उरलेल्या चकतीपेक्षा) जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा कमी असायला हवी. लांब शीटला ती एकटी पुरत नाही. कापाच्या रुंदीएवढ्या जाडीच्या पाचरी करून ठेवा आणि करवत पुढे गेली की मागे दर दोन-अडीच फुटांवर एकेक घाला. उभ्या कापात हा त्रास सहसा नसतो, कारण दोन्ही तुकडे रोलरवर उभे असतात. शक्य असेल तिथे आधी उभे काप, मग लहान झालेल्या तुकड्यांचे आडवे काप, असा क्रम लावला की निम्मी डोकेदुखी जाते.

मशीन गुण्यात आहे का

विकणारा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून दाखवेल. लहान गुण्याने चार फुटांचा काप तपासणं म्हणजे नखाने खोली मोजणं. त्यापेक्षा ही चाचणी घ्या. कारखान्यातून आलेली सरळ कड खाली ठेवून शीटला मधून एक पूर्ण उभा काप द्या. आता उजवा तुकडा असा उलटवा की त्याची पाठ पुढे आणि वरची कड खाली येईल (त्यासाठी शीटच्या वरच्या-खालच्या कडा समांतर हव्यात). तो डाव्या तुकड्याच्या उजवीकडे असा उभा करा की त्याची कापलेली कड पुन्हा डाव्याच्या कापलेल्या कडेला भिडेल. काप काटकोनात असेल तर वरपासून खालपर्यंत फट दिसणार नाही. कललेला असेल तर वर किंवा खाली फट उघडेल, आणि ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असेल. एक मिमीची फट म्हणजे चार फुटांत अर्धा मिमीचा फरक. कॅबिनेटच्या कामाला तो सुधारून घ्यावा लागेल, साध्या पार्टिशनला चालून जाईल.

पुढचं तपासणं हातांनीच. मोटर बंद, प्लग काढलेला. हेड दोन्ही हातांनी धरून बाजूला हलवून बघा. गाइडमध्ये खुळखुळ जाणवली तर ब्लेड कितीही चांगलं असू दे, कड लाटालाटांचीच येणार. हेड मधल्या उंचीवर सोडून बघा. वजनाने किंवा स्प्रिंगने तोललेलं असेल तर ते जिथल्या तिथे थांबायला हवं, धाडकन खाली येता कामा नये. पहिल्या रोलरपासून शेवटच्या रोलरपर्यंत दोरा ताणा, एखादा वर किंवा खाली असेल तर लगेच दिसतो. फ्रेम जोडून एकसंध वेल्डिंग केलेली असेल तर ती वर्षानुवर्षं गुण्यात राहते. नट-बोल्टवाली फ्रेम आणायला सोपी, पण मधून मधून जुळवावी लागते. आणि जमीन पाणसळीत नसेल तर दोन्हींचा उपयोग नाही.

मधल्या उंचीवर एक आडवा आधार मिळतो का विचारा. लहान तुकडे कापताना सारखं जमिनीपर्यंत वाकायचं नसेल, तर ही सोय मोटरच्या एका जास्तीच्या एचपीपेक्षा मोलाची आहे.

मोटरबद्दल इतकंच. लहान मशीनवर पुष्कळदा ब्रशवाली मोटर असते, हातकरवतीला असते तशी. ती आवाज फार करते आणि जाड शीटमध्ये तिचे फेरे कमी होतात. दिवसभर काम असेल तर इंडक्शन (बिनब्रशची) मोटर, जमलं तर थ्री फेज. कापाची खोली ब्लेडच्या त्रिज्येतून फ्लँज (ब्लेड आवळून धरणाऱ्या चकत्या) आणि मोटरच्या घराचा भाग वजा करून उरते, त्यामुळे नुसत्या ब्लेडच्या आकारावर जाऊ नका, प्रत्यक्ष किती मिमी कापते ते विचारा.

ब्लेडवरचे आकडे

ब्लेडवर लिहिलेलं असतं साधारण असं: २५० × ३.२/२.२ × ३० × ८०. पहिला आकडा व्यास. दुसरा कापाची रुंदी, म्हणजे कार्बाइडच्या (फार कठीण पदार्थाच्या) दात्याची जाडी. तिसरा पोलादी तव्याची जाडी. चौथा मधल्या भोकाचा व्यास. शेवटचा दात्यांची संख्या. दात्यांची संख्या सोडून सगळे मिमीत. शेजारी मिनिटाला जास्तीत जास्त फेरे किती हेही असतं, आणि तो आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ते ब्लेड त्या मशीनवर चढवायचंच नाही. भोक मोठं असेल तर सैल रिंग घालून जमवाजमव करणारे बरेच दिसतात. त्या रिंगने ब्लेड केंद्रातून सरकलं की काही दाते सगळं काम करतात आणि बाकीचे नुसते फिरतात.

कापाची रुंदी नकाशा आखतानाच धरायची. १२२० मिमी रुंदीच्या शीटमधून चार सारख्या पट्ट्या ३०५ च्या येतील असं वाटतं. तीन काप, प्रत्येकी ३.२, म्हणजे ९.६ मिमी भुशात गेले. पट्टी ३०२.६ ची येते. बाहेरच्या कडा साफ करायच्या असतील तर आणखी कमी. बारीक कापाची, २.४ वगैरेची ब्लेड माल वाचवतात, पण तवा पातळ असल्याने जाड शीटमध्ये ती भरकटतात. उगाच लोभ करू नये.

आता दाते. जास्त दाते म्हणजे जास्त सफाई, हे अर्धंच खरं आहे. प्रत्येक दात्याने शीटमधून एक ठरावीक जाडीचं सोलपट काढायला हवं. हिशोब सोपा आहे: मिनिटाला पुढे सरकण्याचा वेग भागिले (फेरे गुणिले दाते). ६० दाते, ५००० फेरे, आठ फुटांचा काप दहा सेकंदांत केलात तर प्रत्येक दात जवळपास ०.०५ मिमी घेतो. हे ठीक. आता ८० दात्यांचं ब्लेड लावलंत आणि सफाई यावी म्हणून तोच काप जपून, अर्ध्या मिनिटात केलात, तर प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.०१२ मिमी येतं. इतक्यात दात कापत नाही, घासतो. घासल्याने उष्णता, उष्णतेने कड जळते आणि धार जाते. लोक मग म्हणतात ब्लेड खराब निघालं. भुसा हातात घेऊन बघा. कणीदार असेल तर वेग बरोबर, पिठासारखा मऊ आणि गरम असेल तर तुम्ही फार हळू चाललाय. एमडीएफचा भुसा मुळातच बारीक, तिथे कडेचा रंग आणि वास बघा.

दाताच्या टोकाचा वेगही बघायचा. २५० मिमीचं ब्लेड ५००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ६५ मीटर धावतं. लाकूड आणि बोर्डाला हा वेग मानवतो.

दाताचा आकार मालावर ठरतो. एक दात डावीकडे तिरका, दुसरा उजवीकडे, अशी रचना प्लायला आणि लाकडाला चांगली, कारण टोकं सुरीसारखी तंतू चिरतात. पण तीच टोकं लॅमिनेटवर लवकर बोथट होतात. लॅमिनेट, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, अ‍ॅल्युमिनियम यांना ट्रिपल चिप: एक दात थोडा उंच आणि कोपरे छाटलेला, तो मधला चर पाडतो, मागचा सपाट दात दोन्ही बाजू साफ करतो. भार वाटला जातो म्हणून धार टिकते.

दात पुढे झुकलेला की मागे, त्याला हुक अँगल म्हणतात. १५-२० अंश पुढे झुकलेला दात लाकूड लांबीत चिरायला चांगला, पण पॅनेल सॉवर तो शीटला फ्रेमपासून ओढून स्वतःकडे घेतो आणि पातळ शीट पत्र्यासारखी थडथडते. बोर्डाच्या कामाला ० ते १० अंशांच्या आसपास, आणि अ‍ॅल्युमिनियमला उणे ५-६ अंश. टेबल सॉवरचं जुनं ब्लेड पडून आहे, व्यास आणि भोक जुळतंय, म्हणून चढवायचं, ही चूक इथे होते.

आणि माझी स्वतःची चूक. टेबल सॉवर कायम चांगली बाजू वर, आपल्याकडे ठेवायची सवय, कारण तिथे दात वरून खाली घुसतात. पॅनेल सॉवर सुरुवातीला तीच सवय चालवली आणि कपाटाच्या दारांचा अख्खा लॉट दर्शनी बाजूने चिपला. पॅनेल सॉच्या नेहमीच्या रचनेत हेड वरून खाली येताना दात शीटच्या मागून पुढे, म्हणजे तुमच्याकडे बाहेर पडतात. टवके तिथेच उडतात. म्हणून चांगली बाजू फ्रेमकडे. मशीन नवीन असली की एका टाकाऊ तुकड्यावर पेन्सिलने दोन्ही बाजूंना खूण करून कापून बघावं. दोन्ही बाजू दर्शनी असतील तर स्कोरिंग युनिट हवं. त्याचं छोटं पातं मुख्य ब्लेडच्या आधी वरचा थर एक-दोन मिमी चिरून ठेवतं. लॅमिनेटचं काम रोजचं असेल तर मशीनसोबतच ते घ्या.

अ‍ॅक्रिलिक, एसीपी आणि धातू

अ‍ॅक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडायला लागतं. धार गेलेलं ब्लेड किंवा रेंगाळणारा हात, दोन्हींनी काप वितळतो आणि ब्लेडमागे पुन्हा चिकटतो. एक्सट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेल्या) अ‍ॅक्रिलिकला हा त्रास जास्त, कास्टला (साच्यात ओतून केलेल्याला) कमी. वरची संरक्षक फिल्म काढू नका, एकसारख्या वेगाने जा, मध्ये थांबू नका. आणि अ‍ॅक्रिलिकचं ब्लेड एमडीएफला लावू नका. एकदा लावलं की ते एमडीएफचंच झालं समजा.

एसीपी, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा गाभा आणि दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, हा पॅनेल सॉचा लाडका माल. तो नुसता कापत नाहीत, मागून चर पाडून दुमडतात. ४ मिमीच्या शीटमध्ये दर्शनी पत्रा ०.५ मिमीचा. चर पाडताना तो पत्रा आणि त्यावर ०.३ मिमी गाभा ठेवायचा, म्हणजे फक्त ०.८ मिमी शिल्लक. जास्त ठेवलं तर घडी गोल येते, कमी ठेवलं तर पत्रा तडकतो. काटकोनात दुमडायला ९० अंशांचा व्ही कटर लागतो, तळ थोडा सपाट. आता गंमत बघा: फ्रेम कुठे अर्धा मिमी आत-बाहेर असेल, आणि ती असतेच, तर फ्रेमपासून मोजलेली खोली सगळीकडे सारखी येणार नाही. म्हणून चर पाडायच्या जोडणीत शीटच्या अंगाला टेकून चालणारी चकती असते. खोली तिच्यापासून मोजली जाते आणि शीट डुगडुगली तरी ०.८ मिमी कायम राहतात. एसीपीचं काम करणाऱ्याने ही जोडणी आहे का, हे मशीनच्या रंगाआधी बघावं.

अ‍ॅल्युमिनियमची शीट ट्रिपल चिप, उणे हुकच्या ब्लेडने आणि थोडं मेण किंवा स्प्रे लावून कापते. लोखंड नाही. पॅनेल सॉचे फेरे लोखंडासाठी फार जास्त आहेत, दाते उडतात आणि ठिणग्या भुशात जातात. भुशावरूनच पुढची गोष्ट: अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी आणि लाकडाचा भुसा एकाच पिशवीत साठवू नका, आगीला आमंत्रण आहे. माल बदलला की भुसा गोळा करणारा कलेक्टर रिकामा करा. भुसा ओढणारी नळी हेडला असतेच, पण उभ्या मशीनमध्ये बराचसा भुसा शीटच्या मागे पडतो, तिथेही ओढ हवी. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली आहे. मास्क हा नळीला पर्याय नाही, तो नळीच्या जोडीला. मशीनच्या कागदपत्रांत आयएसओ १९०८५ च्या चौथ्या भागाचा उल्लेख शोधा, तो याच प्रकारच्या मशीनच्या सुरक्षिततेसाठी आहे. ब्लेडसाठी ईएन ८४७-१ बघा.

ब्लेड चढवताना फ्लँज पुसून घ्या. ८० मिमीच्या फ्लँजच्या कडेखाली ०.०५ मिमीचा एक कण राहिला तर २५० मिमीच्या ब्लेडच्या टोकाला ०.१५ मिमीचा डगमगाट येतो, आणि कापावर नेमक्या अंतराने रेघा दिसतात. लोक तेव्हा बेअरिंग बदलायला धावतात.

धार गेलीशी वाटलं तर आधी ब्लेड धुऊन बघा. दातांच्या मागे चिकटलेला डिंकासारखा राप निघाला की पुष्कळ ब्लेड पुन्हा नव्यासारखी कापतात. तरी नाही जमलं तर धारेला पाठवा, आणि फार बोथट होईपर्यंत थांबू नका, कारण जितकं बोथट तितकं कार्बाइड जास्त घासावं लागतं. रोजच्या मालासाठी एकाच मापाची तीन ब्लेड ठेवा. एक मशीनवर, एक धारेला, आणि तिसरं भिंतीवरच्या खिळ्याला. एका खिळ्याला एकच, कारण ब्लेडवर ब्लेड आपटलं की कार्बाइडचा कोपरा उडतो, आणि ते कळतं थेट पुढच्या लॅमिनेटवर.